आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि पहिली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की पालकांचे आणि आयटीआयचा निकाल लागला की मुलांचे प्रश्न सुरू होतात. दरवर्षी माणसं नवी, प्रश्न बरेचसे तेच. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती धरून दिली आहेत. कायदा केंद्राचा असल्यामुळे अप्रेंटिसशिपचा, म्हणजे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकण्याचा, भाग गोव्यात किंवा गुजरातेत राहणाऱ्यांनाही लागू पडेल.

१. आयटीआय आणि डिप्लोमा यांत फरक काय? दोन्ही 'टेक्निकल'च ना?

आयटीआयमध्ये हाताचं काम शिकवतात. केंद्राच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली १९५० पासून हे शिक्षण चालू आहे. बराचसा वेळ वर्कशॉपमध्ये जातो. ट्रेडप्रमाणे, म्हणजे फिटर, वेल्डर अशा निवडलेल्या कामाप्रमाणे, मुदत एक किंवा दोन वर्षं असते. डिप्लोमा पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा असतो. त्यात गणित, ड्रॉइंग आणि थिअरी जास्त असते आणि पुढे सुपरवायझर किंवा ज्युनिअर इंजिनिअरच्या जागेवर जायचा रस्ता असतो. 'मार्क कमी पडले म्हणून आयटीआय' ही घरातली चर्चा आम्हाला ठाऊक आहे. पण शासकीय आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळवायला आज चांगले मार्क लागतात. आयटीआयनंतर डिप्लोमाला जाता येतं, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

२. दहावी नापास आहे. वयही तेवीस झालं. प्रवेश मिळेल का?

वयाची अडचण नाही. किमान १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं. वेल्डर, वायरमन, प्लंबर, कारपेंटर, शिवणकाम अशा काही ट्रेडना आठवी पासची पात्रता आहे आणि तिथे दहावी नापास मुलांचा विचार होतो. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून, दहावीच्या गुणांवर होतो. प्रवेश परीक्षा नसते. फॉर्म भरून तो निश्चित करायला विसरणं आणि फेरीत मिळालेल्या जागेवर वेळेत हजर न होणं, या दोन कारणांनी दरवर्षी मुलं बाहेर राहतात. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून पसंतीक्रम शेजारच्याचा बघून भरू नका.

३. कोणता ट्रेड घेतला तर लगेच नोकरी लागते?

असं कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्या बोलण्यावर थोडा संशय घ्या. तीन गोष्टींवर ट्रेड ठरवा: रोज जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर कोणती एमआयडीसी आहे, त्या आयटीआयमध्ये त्या ट्रेडची यंत्रं खरोखर चालू आहेत का, आणि मुलाला ते काम करायला आवडतं का.

चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड या पट्ट्यांत वाहनं आणि त्यांचे सुटे भाग बनतात, म्हणून तिथे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर खपतात. टर्नर आणि मशिनिस्टची मुलं पुढे सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर जातात. साध्या लेथवर हात बसलेला असेल तर सीएनसी चटकन जमतं, कारण जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा भाग, कुठे बिघडतोय ते कळतं. नुसतं बटण दाबायला शिकलेला ऑपरेटर आहे तिथेच राहतो. टूल अँड डाय मेकरकडे मुलं फार वळत नाहीत, कारण नाव ओळखीचं नाही. पण डाय आणि मोल्डची दुरुस्ती करणारा माणूस कारखान्याला सहज मिळत नाही. त्यातच पुढे जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे.

इलेक्ट्रिशियनला सगळ्यात जास्त गर्दी असते आणि त्याला कारण आहे. कारखान्याचा मेंटेनन्स, महावितरणची विद्युत सहाय्यक भरती, सोलर आणि स्वतःचा धंदा हे चारही रस्ते त्याला खुले असतात. कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, एका वर्षात होतो आणि सोपा वाटतो. पण नोकरी बहुतेक डेटा एंट्रीची मिळते, आणि तिथे बीकॉम झालेली मुलंही रांगेत असतात. वेल्डरचाही एकाच वर्षाचा कोर्स आहे. त्याचा पगार मात्र प्रमाणपत्र बघून ठरत नाही. टिग वेल्डिंग येतं का, पाइपचा जोड उभा-आडवा कसाही मारता येतो का, हे बघून ठरतो.

फॉर्म भरण्याआधी एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. किती लेथ चालू आहेत आणि त्या ट्रेडला निदेशक, म्हणजे शिकवणारा, नेमलेला आहे का, एवढं विचारलंत तरी चित्र स्पष्ट होतं.

४. गावाजवळ खाजगी आयटीआय आहे. ती खरी की खोटी कशी ओळखायची?

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि खाजगी त्याहून जास्त. खाजगी म्हणजे वाईट असं नाही, पण संलग्नता संस्थेला आणि ट्रेडला वेगवेगळी असते. संस्थेच्या पाटीवर सहा ट्रेड लिहिलेले असतील आणि मान्यता तीनच ट्रेडना असेल, असं होऊ शकतं. प्रत्येक संस्थेला एमआयएस कोड असतो. पहिलं अक्षर 'जी' असेल तर शासकीय, 'पी' असेल तर खाजगी. हा कोड मागा आणि स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर टाकून तुमचा ट्रेड दिसतो का ते बघा. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत संस्थेचं नाव असणं ही दुसरी खूण.

सहा महिन्यांत 'फिटर' करून देतो, हजेरीची काळजी करू नका, असं म्हणणारा क्लास आयटीआय नव्हे. खऱ्या आयटीआयमध्ये परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते.

एससीव्हीटी प्रमाणपत्राचं काय, असंही विचारतात. ते राज्य परिषदेचं, एनसीव्हीटी राष्ट्रीय परिषदेचं. रेल्वेच्या जाहिरातीत एनसीव्हीटी आणि एससीव्हीटी दोन्ही चालतात असं लिहिलेलं असतं, पण सगळ्या खात्यांत तसं नसतं. पर्याय असेल तर राष्ट्रीय प्रमाणपत्राचाच ट्रेड घ्या.

५. आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप करायलाच हवी का? थेट नोकरी मिळत असेल तर?

सक्ती नाही. चांगली नोकरी मिळत असेल तर घ्या. पण 'चांगली' म्हणजे नेमणूकपत्र कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, हे आधी बघा. ठेकेदाराकडे महिन्याला दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून मुलं अप्रेंटिसशिप सोडतात आणि दोन वर्षांनी त्यांच्याकडे अनुभवाचा एकही कागद नसतो.

अप्रेंटिसशिपला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा आधार आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. आयटीआय झालेल्याला बहुतेक ट्रेडमध्ये एक वर्ष करावं लागतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी, मिळतं. आयटीआयचं प्रमाणपत्र राज्यातल्या लाखो मुलांकडे आहे. एनएसी असलेली त्याहून बरीच कमी आहेत, आणि भरतीत फरक तिथेच पडतो.

६. कंपनी म्हणते 'ट्रेनी म्हणून घेतो, अप्रेंटिससारखंच आहे'. खरंच सारखं आहे का?

बहुतेक वेळा नाही. या पानावरचा आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

कारखान्याच्या गेटवर ट्रेनी, अप्रेंटिस, लर्नर, जीईटी असे नाना शब्द चालतात. औद्योगिक पट्ट्यांत काही वर्षं 'नीम ट्रेनी' हा प्रकार जोरात होता. ती एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, वेगळी योजना होती आणि पुढे ती मागे घेण्यात आली. ओळखपत्रावर कुठलाही शब्द असो, विचारायची गोष्ट एकच: माझा करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदला आहे का, आणि त्याचा क्रमांक काय? स्वतःच्या लॉगिनमध्ये करार दिसत नसेल तर तुम्ही कायद्याने शिकाऊ उमेदवार नाही. मग शेवटी परीक्षा नाही आणि एनएसीही नाही. 'एचआरने सांगितलंय की पुढच्या महिन्यात होईल' हे वाक्य वर्षभर ऐकून शेवटी हात हलवत परत आलेली मुलं दरवर्षी भेटतात.

नोंद असली तरी आणखी एक खाचखळगा आहे. ट्रेड दोन प्रकारचे असतात. फिटर, इलेक्ट्रिशियन वगैरे अधिसूचित ट्रेड आणि कंपनीने स्वतः अभ्यासक्रम बनवलेले ऐच्छिक ट्रेड, ज्यांची मुदत सहा ते छत्तीस महिने असू शकते. तुमचं आयटीआय फिटरचं आणि करारात 'असेंब्ली ऑपरेटर' असा ऐच्छिक ट्रेड लिहिलेला असेल तर वर्षाअखेर फिटरचं एनएसी मिळणार नाही. ऐच्छिक ट्रेड वाईट नाही, किरकोळ विक्री, हॉटेल, लॉजिस्टिक्स अशा क्षेत्रांत तोच उपयोगी आहे. पण रेल्वे, डॉकयार्ड, आयुध निर्माणी हे ध्येय असेल तर करारावर सही करण्याआधी ट्रेडचा रकाना वाचा.

७. विद्यावेतन किती मिळायला हवं? माझ्या खात्यात दोन वेगवेगळ्या रकमा का येतात?

२०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी महिना किमान ७,००० रुपये, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० ठरले. आयटीआय न करता थेट आलेल्या दहावी पास उमेदवाराला ६,०००. करार एक वर्षापेक्षा मोठा असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी वाढ मिळते. हे दर ३६ टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये केली, म्हणून करार करताना पोर्टलवरचा चालू दर बघून घ्या. दर हा किमान असतो. मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात, आणि देत नसतील तर मागायला हरकत नाही.

दोन रकमांचं कारण सरळ आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं. पूर्वी तो कंपनीला परत मिळायचा, २०२३ पासून थेट उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. म्हणजे ७,००० असतील तर कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५००. कंपनीने पैसे कापले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बरेच जण आधार जोडलेलं दुसरंच खातं विसरलेले असतात. आईने कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं.

कंपनीने विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचं असतं. किरकोळ आणि वैद्यकीय रजेचे पैसे कापता येत नाहीत. बिनपगारी रजेचे मिळत नाहीत.

८. पीएफ, ईएसआय लागू होतं का? हात मशीनमध्ये आला तर जबाबदार कोण?

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने 'कामगार' धरला जात नाही, तो प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून पीएफ आणि ईएसआयची कपात होत नाही. पण सुरक्षेचे नियम कायम कामगारासारखेच लागू होतात: शूज, गॉगल, गार्ड, सगळं कंपनीने द्यायचं. प्रशिक्षणादरम्यान कामामुळे इजा झाली तर कामगार भरपाईच्या नियमांप्रमाणे भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीची असते, शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम १६ तेच सांगतं. प्रथमोपचार झाले की अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्या. 'तू तर ट्रेनी, तुझं काही होत नाही' असं सांगितलं तर करार दाखवा. प्रश्न ६ मध्ये नोंदणीवर एवढा जोर दिला त्याचं हेही कारण आहे.

९. रात्रपाळीला आणि ओव्हरटाइमला बोलावतात. नाही म्हणू शकतो का?

ओव्हरटाइमला हो. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. रोजचे तास कंपनी ठरवते, त्यामुळे पाळी आली तर थेट नकार देता येईलच असं नाही. पाळीचं वेळापत्रक लेखी मागा.

१०. फिटर म्हणून घेतलं आणि वर्षभर पॅकिंग लाइनवर उभं केलं. तक्रार कुठे करायची?

आधी सुपरवायझर, मग एचआर, दोन्हीकडे लेखी. ईमेल चालतो. त्यानंतर जिल्ह्यातल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात जा. बीटीआरआय म्हटलं तर लगेच कळतं. ही केंद्रं बहुतेक शासकीय आयटीआयच्या आवारातच असतात. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या वतीने तिथले अधिकारी कंपनीला विचारणा करतात.

खरं सांगायचं तर वर्ष संपता संपता आलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या महिन्यात आलेलीचा होतो. रोज काय काम केलं त्याची डायरी ठेवा आणि महिन्याला सुपरवायझरची सही घ्या. ही डायरी मुलाखतीतही कामी येते. 'वर्षभर काय केलंस?' या प्रश्नाला 'मेंटेनन्स' एवढंच उत्तर देणारी मुलं तिथेच अडकतात.

११. अप्रेंटिसशिप संपली. कंपनी कायम करेल ना?

करारात तसं लिहिलं नसेल तर कंपनीवर बंधन नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कंपनीने स्वतःचं भरती धोरण ठरवायचं असतं, त्यापलीकडे काही नाही. खाजगी कारखान्यांत बहुतेकांना ठरावीक मुदतीचा करार किंवा ठेकेदाराकडचं काम देऊ केलं जातं. हे कटू आहे, पण ते आधी माहीत असलं की माणूस वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दुसरीकडे अर्ज टाकायला लागतो.

सरकारी आस्थापनांत थोडं वेगळं आहे. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, रोजगार केंद्राकडून नाव येण्याची अट घालू नये आणि वयात सवलत द्यावी. प्राधान्य म्हणजे हमी नाही. मुलं इथेच गोंधळतात. रेल्वेत लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या, थेट भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा आहेत. २० मार्च २०१८ ला माटुंगा आणि दादरच्या मध्ये मुलांनी लोकल अडवल्या त्या याच प्रश्नावर. त्यांची मागणी २० टक्क्यांची मर्यादा काढून सगळ्यांना सामावून घेण्याची होती. तसं झालं नाही.

माझगाव डॉक, नौदलाची गोदी, अंबरनाथ, खडकी, वरणगावच्या आयुध निर्माणी, एसटीच्या विभागीय कार्यशाळा इथे केलेलं वर्ष पुढच्या अर्जात वजन टाकतं. माझगाव डॉक तर आठवी आणि दहावी पास मुलांनाही स्वतःच्या शाळेत घेतं, आयटीआयशिवाय.

१२. आयटीआयनंतर डिप्लोमा किंवा बारावीची समकक्षता मिळते का?

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. गणित कच्चं असेल तर पहिल्या सेमिस्टरला दमछाक होते, सुट्टीत तयारी करा. बारावी समकक्षतेसाठी भाषा विषयाची बोर्डाची परीक्षा वेगळी द्यावी लागते. नुसतं आयटीआयचं प्रमाणपत्र लावून भागत नाही. एक वर्षाच्या ट्रेडला हे दोन्ही फायदे नाहीत. शिकवायची आवड असेल तर निदेशकांसाठीचा सीआयटीएस कोर्स आहे.

१३. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आणि पीएम इंटर्नशिप म्हणजे अप्रेंटिसशिपच ना?

नाही, दोन्ही वेगळ्या योजना आहेत. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. महिन्याला बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती वाढवली गेली. अनेक मुलं ग्रामपंचायतीत, शाळांत, तहसीलमध्ये लागली आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं झाली. या योजनेतून एनएसी मिळत नाही.

पीएम इंटर्नशिप २०२४ च्या ऑक्टोबरात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, वय २१ ते २४, महिना ५,०००. तिच्या अटींप्रमाणे राष्ट्रीय योजनांखाली अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्याला ती करता येत नाही. आयटीआयच्या मुलाने आधी अप्रेंटिसशिप करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१४. मुलगी फिटरला जायचं म्हणते. घरचे नको म्हणतात.

जाऊ द्या. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत आणि यंत्रांच्या ट्रेडमध्ये त्या अनेकदा रिकाम्या राहतात. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीच्या जुळणीची पूर्ण लाइन महिलांची आहे. घरच्यांची खरी काळजी बहुतेक वेळा कामाची नसते, बसची असते. कंपनीची बस कुठून कुठपर्यंत येते आणि राहायची सोय काय, हे आधी विचारून त्यांना सांगा.

१५. इलेक्ट्रिशियन आहे. स्वतःची कामं घेऊ शकतो का?

घरातला पंखा दुरुस्त करायला कुणी विचारत नाही. पण वायरिंगची कामं रीतसर घ्यायची, महावितरणकडे टेस्ट रिपोर्ट द्यायचा, तर वायरमन परवाना आणि पुढे ठेकेदाराचं लायसन्स लागतं. त्यासाठी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात चौकशी करा. परवाना काढून ठेवा, मग नोकरी करा. उलट क्रमाने फार कमी जण काढतात.

१६. एजंट दुबईला वेल्डर म्हणून पाठवतो म्हणतो आणि दीड लाख मागतो.

देऊ नका. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. दहावी पास असाल तर पासपोर्टवर एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) तपासणीची अट येत नाही. आठवीवर वेल्डर झालेल्यांना आखाती देशांत जाण्याआधी तशी सरकारी परवानगी घ्यावी लागते, आणि टुरिस्ट व्हिसावर पाठवणारे एजंट नेमकी तीच टाळतात.

जर्मनीबद्दलही विचारणा वाढली आहे, कारण राज्य सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या तिथल्या राज्याशी करार केला. तिथे आधी जर्मन भाषा शिकावी लागते आणि त्यात बरेच महिने जातात.

१७. आधारवर आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव वेगळं आहे. शिवाय आमच्या आयटीआयचंच नाव बदललं. प्रमाणपत्र चालेल का?

आयटीआयच्या नावाची काळजी करू नका. राज्यातल्या अनेक शासकीय आयटीआयना २०२४ मध्ये नवी नावं मिळाली. पडताळणी क्यूआर कोड आणि एमआयएस कोडवरून होते (प्रश्न ४).

तुमच्या स्वतःच्या नावाचं मात्र अंगावर येऊ शकतं. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त, एवढ्यावरून विद्यावेतनातले सरकारी वाट्याचे १,५०० (प्रश्न ७) अडकतात आणि भरतीत कागदपत्र तपासणीला माणूस परत पाठवला जातो. दहावीची मार्कशीट मूळ धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आयटीआयच्या प्रमाणपत्रातली चूक असेल तर संस्थेच्या लॉगिनमधूनच अर्ज जातो, म्हणून प्राचार्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. हे सगळं अप्रेंटिसशिपचा करार होण्याआधी उरका, कारण करारात नाव आधारवरून येतं आणि एनएसीवर तेच उतरतं.